अल्जीरियातल्या पूर्वजांचं गाव फ्रान्सच्या जुन्या जनगणनेतून सापडतं का?

प्रश्न: नवऱ्याचे पणजोबा १९२०-३० च्या सुमारास अल्जीरियातल्या काबिलियातून पॅरिसला मजुरीला आले होते. जुन्या जनगणनेच्या याद्यांतून त्यांचं गाव आणि आधीच्या पिढ्या मिळतील का?

उत्तर: गाव मिळायची आशा कमी धरा. जनगणना फार तर पॅरिसमधला पत्ता पक्का करून देईल. गाव आणि पिढ्या वेगळ्याच वहीत आहेत, तिच्याकडे पुढे येतो.

पॅरिस शहराच्या घरोघरच्या नावांच्या याद्या १९२६ पासूनच मिळतात. तुमच्या कामाच्या म्हणजे १९२६, १९३१ आणि १९३६ च्या. पॅरिस अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्या फुकट बघता येतात, पण वॉर्ड, मोहल्ला आणि रस्ता या क्रमाने. त्यामुळे नावाने शोध लागला नाही आणि पत्ताही हाताशी नसेल तर शेकडो पानं चाळावी लागतात. सापडलीच तर ओळ साधारण अशी असते: 'मोहंद, १८९८, अल्जीर, फ्रेंच प्रजा, भाडेकरू, मजूर.' यातलं 'अल्जीर' बघून शहर समजू नका. तो बहुतेकदा जिल्हा असतो, आणि काबिलियाचा मोठा भाग त्याच जिल्ह्यात होता.

माणूस न सापडण्याचं कारण बऱ्याचदा साधं असतं. काबील मजूर वर्ष-दोन वर्षं राबून परत जायचे आणि त्यांच्या जागी भाऊ किंवा चुलतभाऊ यायचा. जनगणना पाच वर्षांतून एकदाच, मार्चमध्ये. शिवाय हे लोक राहायचे खानावळीच्या माडीवर, एकेका खोलीत पाच-सहा जण. तिथे मालक सांगेल ते नाव लिहिलं जायचं. रस्त्याच्या यादीत नसतील तर शेवटची 'वेगळी मोजलेली लोकसंख्या' ही पानंही बघा. बराकी, इस्पितळं, तुरुंग आणि तात्पुरत्या बांधकामांवरचे बाहेरगावचे कामगार तिथे असतात.

मी असतो तर जनगणनेच्या आधी लष्करी भरतीची वही उघडली असती. १९१२ पासून अल्जीरियातल्या मुस्लिम तरुणांनाही सक्तीची भरती लागू झाली. एक्स-आँ-प्रोव्हांसच्या सागरपार अभिलेखागाराने त्या वह्या ऑनलाइन ठेवल्या आहेत. त्या पानावर आईवडिलांची नावं आणि जन्मगाव असतं; नशीब असेल तर नंतरचे फ्रान्समधले पत्तेही. त्या पत्त्यावरून जनगणनेचं पान काढायचं, म्हणजे उलट्या क्रमाने काम सोपं होतं. भरती चिठ्ठ्या टाकून व्हायची, म्हणून तिथे नाव नसलं तरी निराश होऊ नका. लग्न फ्रान्समध्ये झालं असेल तर तो दाखला सगळ्यात आधी मागवा.

आता खरी वही. २३ मार्च १८८२ च्या कायद्याने अल्जीरियातल्या मुस्लिमांना आडनाव सक्तीचं झालं. त्याआधी माणसाची ओळख म्हणजे अमक्याचा मुलगा तमका, त्याचा बाप फलाणा. सरकारी आयुक्त गावोगाव फिरले, प्रत्येकाला क्रमांक दिला, कुटुंबाचा वंशवृक्ष काढला आणि आडनाव लिहिलं. या मूळ वहीला रजिस्त्र-मात्रिस म्हणतात. आडनाव ठरवायचा हक्क बापाकडच्या वडीलधाऱ्याचा. त्याने नकार दिला तर आयुक्त स्वतःच एखादं चिकटवायचा. काबिलियात काही ठिकाणी एका गावाला सगळी आडनावं एकाच अक्षराची, शेजारच्या गावाला पुढच्या अक्षराची असंही झालं. सख्ख्या भावांची दुआर (काही वस्त्या मिळून केलेला महसुली भाग) वेगळी असली की आडनावंही वेगळी पडत. म्हणून आडनाव जुळत नाही एवढ्यावरून नातं खोडू नका, आणि जुळतं म्हणून लगेच जोडूही नका.

ही वही जन्मगावच्या नगरपालिकेत असते. नातेवाइकाने दोन गोष्टी मागायच्या: जन्माचा १२ नंबरचा उतारा आणि मूळ वहीचा उतारा. अर्जावर आजचं गावाचं नाव हवं. जुन्या कागदावरचं मिशले आता ऐन-एल-हम्माम आहे, फोर-नासिओनाल म्हणजे लारबा-नात-इराथेन, बूजी म्हणजे बेजाया. जन्म त्या वेळी नोंदवलाच नसेल (मुलींचे तर फारच राहत) तर तो पुढे कोर्टाच्या हुकमाने चढवलेला असतो. तेव्हा जन्माच्या नाही, हुकमाच्या सालात शोधा.

जन्मसालापुढे 'अंदाजे' असं लिहिलेलं असलं तर पाच वर्षं मागेपुढे धरा. आपल्याकडे गुरुजींनी अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जून लावला, तसाच प्रकार. स्पेलिंगचं म्हणाल तर फ्रेंच कारकून 'श' सी-एचने, 'व' ओ-यूने आणि 'ज' डी-जेने लिहायचा; अरबी 'ऐन' गाळून टाकायचा; घशातला 'क' कधी के, कधी सी, कधी जी. मोहंद, मोहम्मद, म्हामद हे एकाच माणसाच्या तीन कागदांवर सापडू शकतं. नाव-आडनावाची अदलाबदल करूनही शोधा, आणि 'बेन' (म्हणजे 'अमक्याचा मुलगा') खालीही. एस.एन.पी. हे आडनाव नव्हे. 'आडनाव नाही' याची ती खूण आहे.

अल्जीरियातच झालेल्या जनगणनांचे मुस्लिम लोकसंख्येचे आकडे छापील मिळतात, नावांच्या याद्या क्वचितच. सागरपार अभिलेखागाराची ऑनलाइन जन्म-मृत्यू नोंदणीही मुख्यतः युरोपियनांची आणि ज्यूंची. जनगणनेवरच कुळ शोधायचं तर माणूस इजिप्तचा हवा: तिथे १८४८ च्या गणनेत बायका, मुलं, गुलाम सगळ्यांची नावं घरागणिक आहेत, पण वह्या कैरोत आणि हस्ताक्षर अरबी.