पहिली डर्ट बाईक: उंची ५ फूट ६ इंच, वय ३५, थेट २५० सीसीची मोटोक्रॉस घेऊ का?

नको, २०० ते २३० सीसीची एअर किंवा ऑइल-कूल्ड (हवेने किंवा तेलाने थंड होणारी) फोर-स्ट्रोक घ्या. भारतात त्यासाठी हिरो एक्सपल्स २०० ४व्ही किंवा कावासाकी केएलएक्स २३० पाहा. कावासाकी केएक्स २५० सारख्या मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या) गाड्या रस्त्यासाठी नसतात, त्यांची रजिस्ट्रेशन होत नाही, ट्रॅकपर्यंत टेम्पोतून न्याव्या लागतात आणि ऑइल-पिस्टन बदलण्याचा हिशेब किलोमीटरवर नाही, तासांवर चालतो. शिवाय त्यांची ताकद वरच्या आरपीएमला (इंजिन वेगाने फिरताना) एकदम उसळते. नवख्याला हवी ती खालून सावकाश ओढणारी गाडी.

तुमच्या उंचीला एक्सपल्सची ८२५ मिमी सीट जमेल. तिच्याच प्रो मॉडेलची सीट ८९१ मिमी आहे, ते टाळा, कारण चढावर थांबल्यावर पाय टेकला नाही की गाडी आडवी. केएलएक्सची सीट ८८० मिमी असली तरी वजन १३९ किलो, म्हणजे एक्सपल्सपेक्षा वीसेक किलो कमी. दिवसात दहा वेळा गाडी उचलाल तेव्हा तो फरक कळेल.

जुनी घेत असाल तर एवढं बघाच:
- फोर्कच्या (पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरच्या) नळीवर तेलाचा ओघळ (सील गेलं)
- सैल स्पोक, चेपलेली रिम
- पुढचं चाक उचलून हँडल फिरवताना मध्येच अडकणं (बेअरिंग गेलं)

आणि बजेटमधून बूट, नी-गार्ड, हेल्मेट आधी वजा करा, उरलेल्यात गाडी. घोटा साध्या बुटात वाचत नाही.

फक्त खासगी ट्रॅकवरच चालवणार असाल, तर मात्र रजिस्ट्रेशनचा मुद्दा गळतो. तरीही पहिलं वर्ष एक्सपल्स किंवा केएलएक्सच बरी.