अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मते लोकांनी स्वतःचा कारभार स्वतः कसा चालवायचा?

नुसतं मतदान करून नाही, असं त्यांचं मत होतं. १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सरकारची सत्ता जनतेच्या संमतीतून येते असं त्यांनी लिहिलं, ते सगळ्यांना माहीत असतं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्यांचा उतारवयातला विचार. १८१६ मध्ये व्हर्जिनियातले राजकारणी जोसेफ कॅबेल यांना लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की काउंटीचे (म्हणजे साधारण जिल्ह्याचे) छोटे छोटे वॉर्ड करा. शाळा, रस्ते, गरिबांची देखभाल, किरकोळ न्यायनिवाडा हे सगळं तिथल्या लोकांनीच बघायचं, साधारण आपल्या ग्रामसभेसारखं. रोजच्या कारभारात हात असलेला माणूस आपला अधिकार कुणाला सहजासहजी हिसकावू देणार नाही, हा त्यामागचा विश्वास. व्हर्जिनियात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या राज्यात, ही योजना कधी अमलात आली नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

१७८९ मध्ये आपले राजकीय सहकारी जेम्स मॅडिसन यांना तर त्यांनी लिहिलं होतं की पृथ्वी जिवंत माणसांची आहे, म्हणून दर १९ वर्षांनी राज्यघटना नव्याने ठरवावी. मॅडिसन यांना ते पटलं नाही. धर्माच्या बाबतीत मात्र जेफरसन यांचा शब्द टिकला: त्यांनी मसुदा केलेला व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ मध्ये मंजूर झाला.

पण उत्तर इथे थांबवणं अप्रामाणिक ठरेल. याच माणसाने आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली आणि त्यातल्या मोजक्यांनाच मुक्त केलं. त्यांच्या स्वराज्यात या माणसांना जागाच नव्हती.