ओळखीतली पहिली गाडी: पेंट करेक्शनचे किती घ्यायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्राच्या बाबांची आठ वर्षं जुनी काळी सेडान आहे. तुम्ही स्वतःच्या हॅचबॅकवर आणि भंगारातून आणलेल्या एका बोनेटवर हात बसवलाय. आता पहिल्यांदाच पैसे घेऊन पेंट करेक्शन, म्हणजे मशीनने घासून रंगावरचे बारीक ओरखडे काढायचं काम, करणार आहात. ओळखीत किती सांगावेत, की फुकटच करून द्यावं?

फुकट नको. पाच हजार सांगा, आणि सांगताना आठ हजारांतून तीन कमी केलेत हे दिसू द्या. आकडा कसा आला ते पुढे लिहितो. आधी माझी पहिली गाडी ऐका.

मी मुलुंड पूर्वेला राहतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची काळी होंडा सिटी होती. मी नुकतंच डीए (ड्युअल ॲक्शन) पॉलिशिंग मशीन घेतलं होतं, तीन पॅड आणि एक कंपाउंडची, म्हणजे ओरखडे घासून काढणाऱ्या पेस्टची, बाटली. काकांनी लिफ्टमध्ये गाठलं. "अरे, तू गाड्या चमकवतोस म्हणे! आमची पण कर की. किती घेशील?" मी म्हणालो, "काका, तुम्हाला काय वाटेल ते द्या." ओळखीच्या माणसासमोर पैशाचा आकडा उच्चारायचा म्हटलं की आपली जीभ टाळूला चिकटते, दुसरं काय!

एका रविवारी उरकेल असं वाटलं होतं. शनिवारी सकाळी आठला सुरू केलं आणि रविवारी रात्री साडेनऊला वायर गुंडाळली. मोजून १७ तास. त्यातला सगळ्यात वाईट क्षण रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास आला. डिकीच्या झाकणाला नंबर प्लेटच्या वर एक कड असते, तिच्यावरून मशीन फिरवत होतो. पिवळ्या पॅडवर काळा डाग दिसला. मला वाटलं मळ निघतोय, म्हणून खूश होऊन अजून दोन फेऱ्या मारल्या. पुसून बघतो तर नखाएवढा मंद, निस्तेज ठिपका. आजच्या बहुतेक गाड्यांना रंगावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर असतो, त्यामुळे पॅडवर गाडीचा रंग यायलाच नको. पॅडवर काळा आला याचा अर्थ क्लिअर संपला आणि मी खालच्या रंगापर्यंत पोचलो होतो.

काकांना तेव्हाच जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याने आणखी कसंतरी झालं. डिकी रंगवून घेतली, पेंटरला ३,५०० रुपये दिले. काकांनी गणपतीच्या चित्राचं पाकीट दिलं, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. आत १,५००. काकूंनी चिवड्याचा डबा दिला तो वेगळा. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण पुढच्या आठवड्यात बी विंगमधले दोघं आणि काकांचे साडू अशा तिघांनी विचारलं, "काकांच्या रेटने आमचीही करशील ना?" पंधराशे हा माझा रेट झाला होता आणि तो मी ठरवलाच नव्हता.

म्हणून ओळखीत आकडा आपणच बोलायचा, आणि पूर्ण आकडा आधी बोलायचा. सूट दिली तर ती सूट म्हणून दिसली पाहिजे. नाहीतर कमी केलेला भावच तुमचा भाव ठरतो आणि तो अख्ख्या पार्किंगभर फिरतो.

आता हिशोब. आठ वर्षं जुन्या सेडानचं दोन टप्प्यांचं काम, म्हणजे आधी कंपाउंड आणि मग फिनिशिंग पॉलिश, सरावलेल्या माणसाला नऊ-दहा तास घेतं. तुम्हाला पंधरा-सोळा लागतील. पैसे दहा तासांचेच लावा. वरचे पाच-सहा तास तुमच्या शिकण्याचे आहेत, ते मित्राच्या बाबांच्या डोक्यावर टाकू नका. ताशी ३०० धरले तर ३,०००. सामानाचे १,४००: कंपाउंड, पॉलिश, क्ले (रंगात रुतलेला मळ ओढून काढणारा मऊ गोळा), मास्किंग टेप, पुसायचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मायक्रोफायबर आणि पॅडची झीज. पॅड पुन्हा वापरता येतो म्हणून तो फुकट, असं धरू नका. कंपाउंडिंगचे पॅड चटचट भरतात आणि गरम होऊन त्यांचा फोम सुटतो. मशीनची झीज, येणं-जाणं आणि किरकोळ ६००. झाले ५,०००. यात नफा नाही, जागेचं भाडं नाही आणि काही बिघडलं तर भरपाईची तरतूदही नाही. त्या तिन्हींचे ३,००० धरून अनोळखी माणसाला मी ८,००० सांगेन. हे माझे, घराखाली काम करणाऱ्या माणसाचे आकडे आहेत. स्टुडिओवाल्याच्या बिलात बंद गाळा, दिवे, दोन पोरांचे पगार आणि जीएसटी असतो, त्याच्या रेटकार्डशी तुलना करत बसू नका.

पाचपैकी दीड हजार सामानासाठी आधी घ्या. अविश्वास म्हणून नाही, तर पैसे दिलेला माणूस रविवारी सकाळी "आज जरा लग्नाला जायचंय, गाडी लागेल" म्हणत नाही म्हणून.

पण खरं सांगू का, ओळखीत भांडण पैशावरून कमी आणि 'नव्यासारखी' या शब्दावरून जास्त होतं. मित्राचे बाबा म्हणतील, "नव्यासारखी कर." त्यांच्या डोळ्यांसमोर शोरूममधला दिवस असतो. तुमच्या डोळ्यांसमोर उन्हात दिसणारी ती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक गोल ओरखड्यांची जाळी असते. बंपरवर रिक्षाने ओढलेली रेघ त्यांच्या हिशोबात आहे, तुमच्या नाही. त्यामुळे भावाआधी काम ठरवा, तेही तोंडी नाही. बोनेटवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन निवडा, मधोमध टेप लावा, एका बाजूला फक्त पॉलिशचा एक टप्पा करा आणि दुसऱ्या बाजूला दोन्ही. आयपीएने पुसा. हे पुसणं महत्त्वाचं, कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे बुजवून दाखवतं आणि दोन धुण्यांत ते परत वर येतात. गॅरेजमध्ये करून घेतलेलं रबिंग पंधरा दिवसांत उतरतं ते बऱ्याचदा यामुळेच. मग बाबांना खाली बोलवा, टेप काढा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि गप्प उभे राहा. तुम्ही काही बोलायची गरज नाही.

माझ्या अनुभवात दहातले सहा-सात जण एका टप्प्यावरच खूश होतात. "एवढं पुरे रे, गाडी काय प्रदर्शनात ठेवायचीय?" तसं झालं तर पूर्ण रेट ४,५०० सांगा आणि त्यांच्याकडून ३,००० घ्या. काम सहा-सात तासांत संपेल. पहिल्या गाडीसाठी हाच पर्याय निघावा अशी मी तुमच्या वतीने आशा करतो.

आता मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची) गोष्ट, कारण जोखीम किती हे तिथे कळतं आणि जोखमीवरून काम घ्यायचं की नाही हे ठरतं. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन रंग असतो, काही गाड्यांवर त्याहून कमी. झेरॉक्सचा साधा कागद सुमारे १०० मायक्रॉनचा असतो, म्हणजे अंदाज येईल. त्यात क्लिअर कोट ढोबळमानाने ३५ ते ५०. ऊन अडवणारा थर तोच, आणि आपण जे काही घासतो ते त्याच्यातूनच. नीट केलेल्या कंपाउंडिंगमध्ये दोन-चार मायक्रॉन जातात, हलक्या पॉलिशमध्ये एखादा. नुसता आकडा बघितला तर भरपूर शिल्लक वाटतं. पण कडांवर, दुमडींवर थर पातळ असतो, आणि आठ वर्षांत कोणी कितीदा रबिंग मारलंय ते बाबांनाही आठवत नसतं.

रंगाची जाडी मोजणारं थिकनेस गेज मिळालं तर उसनं आणा. प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी लावा आणि आकडे वहीत लिहा. बाकी गाडी ११० दाखवते आणि एक दरवाजा २५० दाखवतो, तर तो पुन्हा रंगवलेला आहे. ५००-६०० च्या पुढे गेलं तर खाली पुटी आहे. ८० च्या आत असेल तर मशीन बाजूला ठेवा आणि हाताने ग्लेझ (ओरखडे नुसते बुजवून लपवणारं क्रीम) लावून द्या. गेज एकूण जाडी सांगतं, क्लिअर किती उरलाय हे सांगत नाही, आणि साधं गेज प्लॅस्टिकच्या बंपरवर चालतच नाही. तिथे आपली अक्कलच कामी येते: कडांवर टेप, मशीनचा वेग कमी, दाब कमी. माझ्या त्या सिटीची डिकी आधी एकदा रंगवलेली होती हे मला पेंटरने सांगितलं. काकांनाही ते माहीत नव्हतं, कारण त्यांनी गाडी सेकंडहँड घेतली होती.

ज्या ओरखड्यात नख अडकतं तो निघणार नाही. हे काम सुरू व्हायच्या आधी, गाडीभोवती बाबांसोबत फेरी मारत, एकेक रेघ बोटाने दाखवून सांगा. फोटो काढा. मग त्यांना व्हॉट्सॲपवर काहीसं असं पाठवा:

"काका, ठरल्याप्रमाणे शनिवार-रविवार गाडी माझ्याकडे. दोन टप्प्यांचं करेक्शन, रेट ८,०००, तुमच्यासाठी ५,०००. जाळीचे बहुतेक ओरखडे जातील. डाव्या मागच्या दरवाजावरची रेघ आणि पुढच्या बंपरचा कोपरा तसाच राहील. पुन्हा रंगवलेल्या भागावर मी मशीन हलकं चालवणार. माझ्या हातून काही बिघडलं तर तेवढा भाग माझ्या खर्चाने रंगवून देईन. दीड हजार सामानासाठी आधी लागतील."

यात शेवटून दुसरं वाक्य लिहायला हात अडखळेल, पण ते लिहा. एक पॅनेल रंगवायचे पैसे बाजूला ठेवूनच काम घ्या. ते नसतील तर अजून महिनाभर भंगारातल्या बोनेटवर काढा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दुसरं मिळेलच.

जागेबद्दल पटकन: उघड्या उन्हात करू नका, पत्रा तापला की कंपाउंड पॅनेलवरच सुकतं. स्टिल्टखालचं पार्किंग चालेल, पण विजेचं सेक्रेटरींना आधी विचारा. वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढल्यावरून आमच्याकडे एजीएममध्ये विषय निघाला होता. शेजारी बांधकाम चालू असेल, आणि मुंबईत ते कुठे चालू नसतं, तर पॅनेल करायला घेण्याआधी दर वेळी धूळ पुसा. नाहीतर तुम्ही सिमेंटनेच पॉलिश कराल. गाडी रेल्वे लाइनजवळ उभी राहत असेल तर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोनेटवर बोटं फिरवा. खरखर लागली की समजा ब्रेकच्या लोखंडाचा चुरा रुतलाय. आधी आयर्न रिमूव्हर, मग क्ले, आणि या कामाचा तासभर हिशोबात धरा. नवीन माणूस हा तास नेहमी विसरतो.

आणि ती जाळी मुळात येते कुठून? सकाळी सहाला एक बादली आणि एक फडकं घेऊन वीस गाड्या पुसणाऱ्या पोराकडून. त्याची चूक नाही. महिन्याला गाडीमागे जे मिळतं त्यात तो दुसरी बादली कुठून आणणार? पण तुम्ही रविवारी रात्री गाडी दिली आणि सोमवारी पहाटे त्याने तेच फडकं फिरवलं, तर बुधवारी बाबा तुम्हालाच फोन करणार. म्हणून मी गाडी देताना दोन जाड मायक्रोफायबर आणि शाम्पूची छोटी बाटली देतो, आणि त्या पोराला खाली बोलावून पाचच मिनिटं दाखवतो: आधी पाणी मारायचं, कोरडं पुसायचं नाही, हे फडकं फक्त याच गाडीला. याचे २०० रुपये मी सामानाच्या १,४०० मध्येच धरलेले असतात.