पूर्ण झालं की सांगतो

"मॅडम, ह्यो रातभर एकाच पिक्चरचं काय शोधत बसालाय की, काय तरी सांगा की याला." मी समुपदेशक आहे, सोलापुरातल्या चार-पाच आयांनी मला यंदा हेच विचारलंय. पिक्चरच्या जागी कुणाचं ॲनिमे, कुणाची कोरियन सिरीयल एवढाच फरक, म्हणून एकदा लिहूनच टाकते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

पोरगा इंजिनीअरिंगचा. भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकापासून सगळं सुरू झालं. आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 ला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, 1942 ला तिथंच वारले, 1946 ला शांतारामांनी त्यांच्यावर पिक्चर काढला आणि कोटणीसांचं काम स्वतःच केलं, संगीत वसंत देसाईंचं, मग शांताराम म्हणजे प्रभात फिल्म कंपनी, प्रभात निघाली 1929 ला कोल्हापुरात, 1933 ला पुण्याला गेली, त्या जागेत आता फिल्म इन्स्टिट्यूट... वीस मिनिटं पठ्ठ्या थांबला नाही, मीपण थांबवलं नाही. सोबत दोनशे पानी वही, पानापानावर लाल पेनाची प्रश्नचिन्हं.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "हे मित्रांना सांगतोस का?"

"नाही. अजून पूर्ण कुठं झालंय."

"मला तर सांगितलंस."

"तुम्ही हसणार नाही म्हणून."

"बरं, पिक्चर कसा वाटला?"

गप्प. मग वहीचा कोपरा दुमडत म्हणाला, "बघितला नाही अजून. आधी सगळं माहीत पाहिजेच ना."

मी वही ओढून घेतली आणि त्याचंच वाक्य त्यात लिहिलं, 'पाहिजेच' मधल्या च भोवती गोल केला. बराच वेळ त्या गोलाकडं बघत बसला, मग अकरावीतलं सांगितलं. वर्गात एक साल चुकलं, पोरं हसली, तेव्हापासून नाव पडलं 'फेकू'. आई तोंडाला पदर लावून बसलेली, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची, म्हणजे 'असंच पाहिजे' हा मनातला हट्टच माणसाला छळतो असं मानणारी समुपदेशनाची पद्धत, त्यामुळं माझं सगळं काम या 'च' वरच चालतं. खरं सांगायचं तर तो च मला पहिल्याच भेटीत ऐकू आला होता, पण तो त्याचा त्याला दिसेपर्यंत थांबले, आणि इतक्या वर्षांत हे थांबणंच मी शिकले असं मला वाटतं.

आयांनो, म्हणून मोबाईल हिसकावू नका. किती तास बसला यापेक्षा उठताना कसा उठला ते बघा. खुशीत येऊन तुमचं डोकं खात असेल तर खाऊ द्या, तो छंद आहे. चिडून, दमून, काही न बोलता झोपत असेल तर त्यामागं भीती असते आणि ओरडलं की ती अजून वाढते. जेवण, झोप, कॉलेज आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

त्याला होमवर्क दिलं होतं, अर्धवट माहिती घरात कुणालातरी सांगायची, मधे एकदा 'मला माहीत नाही' म्हणायचं. पुढच्या वेळी म्हणाला, "पप्पांना सांगितलं. त्यांनी विचारलं, पिक्चरचं शूटिंग चीनमधी झालतं का? म्हटलं, माहीत नाही."

"मग?"

"मग काय नाही. म्हणले, बरं, शेंगा चटणी सरकव इकडं."