डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या झोपेच्या गोळीचं व्यसन लागलंय, हे ओळखायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्प्राझोलम सुरू केली तेव्हा डोस ०.२५ मिलिग्रॅम होता, आता १ मिलिग्रॅमशिवाय डोळा लागत नाही. हे व्यसन का, आणि आजपासून बंद केली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तातडीचं आहे. एकदम बंद करू नका. मी तो आगाऊपणा केलेला आहे. तिसऱ्या दिवशी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागत होता, पंख्याची घरघर डोक्यात घण घातल्यासारखी वाटत होती, आणि मला वाटलं मूळचा आजारच उलटलाय. तसं नव्हतं. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं, ही गोळी त्याचा जोर वाढवते. रोज बाहेरून मदत मिळाली की मेंदू स्वतःचे ब्रेक ढिले सोडतो. मग गोळी अचानक काढली की गाडी उतारावर सुटते: झोप उडते, थरथर सुटते, आणि काहींना आकडी येते. ती जिवावर बेतू शकते. (थोडं बरं वाटावं म्हणून मी पुन्हा गोळी घेतली आणि ‘आपल्यात जिद्द नाही’ असं ठरवून मोकळी झाले. जिद्दीचा इथे काही संबंध नव्हता.)

आता व्यसनाचं. शरीराला सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे २०१३ च्या निकषांत, ११ लक्षणं आहेत. वर्षभरात त्यातली किमान दोन दिसावी लागतात. पण औषध सांगितल्याप्रमाणेच घेत असाल, तर डोस पुरेनासा होणं आणि बंद केल्यावर त्रास होणं ही दोन त्यात धरतच नाहीत. म्हणून तुमच्या बाबतीत खरा प्रश्न असा: ०.२५ चा १ मिलिग्रॅम कोणी केला? डॉक्टरांनी, की तुम्ही?

माझा मीच केला होता. संध्याकाळी स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजायचे, चार उरल्या की जीव खालीवर व्हायचा. दोन गोळ्या चष्म्याच्या डबीत, कापडाखाली, ‘असू द्याव्यात’ म्हणून. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि पहिल्यांचं नाव काढलं नाही. गोळ्या किती घेते यापेक्षा ही लपवाछपवी मला जास्त सांगून गेली, पण बऱ्याच उशिरा.

उपचारासाठी मानसोपचारतज्ज्ञ गाठा किंवा आधी नेहमीच्या डॉक्टरांशी बोला, पण आकडा खरा सांगा. चिठ्ठीवरचा नव्हे, पोटात जाणारा. मी पहिल्या भेटीत निम्माच सांगितला. त्यावरून आखलेलं वेळापत्रक अर्थातच आठवड्यात कोसळलं. दारू घेत असाल तर तेही सांगा, कारण या गोळीबरोबर दारू किंवा ट्रॅमाडॉल, कोडीनसारखी वेदनाशामकं गेली तर श्वास मंदावतो. कोणी हलवूनही जागं होत नसेल तर सरळ रुग्णवाहिका बोलवायची.

डोस साधारणपणे दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करतात. काहींना शरीरात जास्त वेळ टिकणारं डायझेपाम देऊन मग तेच उतरवत नेतात. जोडीला निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत असते. तिनं मला गोळीइतकीच साथ दिली, फक्त पहिले तीन आठवडे ती शिक्षा वाटते. ट्रॅमाडॉल किंवा कोडीनची सवय असलेल्यांचा मार्ग वेगळा, तिथे ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन वापरतात. त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: मध्ये खंड पडल्यावर जुना डोस शरीराला झेपत नाही, आणि तोच घेतला तर जीव जाऊ शकतो.

मला चौदा महिने लागले. मध्ये दोनदा डोस होता तिथेच थांबवला, डॉक्टरांनी त्याला अपयश म्हटलं नाही. शेवटी ब्लेडनं कापलेला तुकडा इतका बारीक असायचा की बोटाला चिकटून यायचा. तो न घेता मी पहिल्यांदा झोपले ती रात्र ठरवलेली नव्हती. घ्यायचा विसरले होते.