हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून ब्रश थांबवू नका

प्रश्न : माझं वय ३४. ब्रश करताना खालच्या पुढच्या दातांजवळ रक्त येतं, म्हणून महिनाभर त्या भागावर ब्रश फिरवत नाही, बोटानेच पेस्ट लावते. दुखत काहीच नाही, पण रक्त वाढलंय. 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गोळ्या नकोत, ब्रश हवा. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला जीवाणूंचा चिकट, पांढरट थर साचत असतो. तो रोज निघाला नाही, तर दोन-तीन आठवड्यांत चांगली हिरडीही सुजते आणि नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. तुम्ही तो भाग सोडलात, थर वाढला, रक्तही वाढलं. दुखत नाही यावर विसंबू नका. हा आजार दाढा हलायला लागेपर्यंत बहुधा दुखतच नाही.

खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जिभेने चाचपून पाहा. खडबडीत लागलं तर ते कीटण. जिभेखाली लाळग्रंथींची तोंडं उघडतात आणि लाळेतले क्षार या थरात बसून तो दगडासारखा कडक होतो, म्हणून कीटण तिथे सगळ्यात आधी धरतं. ते ब्रशने निघत नाही. एकदा दंतवैद्यांकडून सफाई करून घ्या.

घरी मऊ केसांचा ब्रश घ्या. तो ४५ अंशांत तिरपा धरा, म्हणजे केसांची टोकं दात-हिरडीच्या कडेत शिरतील. दोन-दोन दात घेऊन जागच्या जागी हलकेच थरथरवा, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवा. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरा. सकाळी आणि रात्री दोन-दोन मिनिटं. पहिले काही दिवस रक्त येईल. थांबू नका, साधारण आठवडाभरात ते कमी होऊ लागतं. सफाईनंतरही दोन आठवडे रक्त येतच राहिलं तर पुन्हा दाखवा. मात्र ब्रश न लावताही रक्त ओघळत असेल, अंगावर निळे-जांभळे डाग उठत असतील किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्ततपासणी करा.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, मधुमेह आहे. खालची एक दाढ हलते, हिरडीतून पू येतो. अँटिबायोटिकने आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दंतवैद्य म्हणतात, ६-७ मिलिमीटरचे पॉकेट आहेत, खोल सफाई करावी लागेल. पण सफाईनंतर दात ढिले होतात असं सगळे सांगतात.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : सफाई कराच. दात आणि हिरडी यांच्यामध्ये मुळातच एक बारीक खाच असते. खुणा केलेल्या सळईने मोजली तर ती १ ते ३ मिलिमीटर भरते. ती खोल झाली की तिला पॉकेट म्हणतात. ६-७ भरली, याचा अर्थ दाताला धरून ठेवणारं हाड खालपर्यंत झिजलं आहे. एक्स-रेमध्ये ते दिसतं. गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही. उरलेलं वाचवायचं, यासाठीच ही धडपड.

दात ढिले होतात ते हाड झिजल्यामुळे. कीटणाच्या जाड थराने ते एकमेकांना जखडलेले असतात, म्हणून हलणं कळत नाही. कीटण निघालं की आधीच झालेलं नुकसान उघडं पडतं. सूज उतरल्यावर हिरडी आकसते, फटी दिसतात, गार पाणी काही आठवडे झणझणतं. हे वडिलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या बैठकीनंतर ते जायचंच सोडतील.

नुसत्या गोळ्यांनी पू का परतला? जीवाणू मुळावरच्या कीटणाला चिकटून थर करून राहतात आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. म्हणून भूल देऊन मुळाचा पृष्ठभाग खरवडून गुळगुळीत करतात, साधारण दोन ते चार बैठकांत. सहा-आठ आठवड्यांनी पॉकेट पुन्हा मोजायचे. ४ मिलिमीटरपर्यंत आले आणि रक्त येत नसेल तर उत्तम. ६ किंवा जास्त राहिले तर हिरडी उघडून सफाई करण्याची छोटी शस्त्रक्रिया सुचवतात. त्यानंतर दर तीन महिन्यांनी तपासणी. ती चुकवली की सगळा खर्च वाया जातो.

मधुमेह आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात. साखर चढी राहिली तर हिरडी भरून येत नाही, आणि हिरड्यांचे उपचार झाले की तीन महिन्यांची सरासरी साखरही थोडी उतरते. सफाईला सकाळची वेळ घ्या. उपाशीपोटी नेऊ नका, नाश्ता आणि नेहमीची औषधं घेऊनच जा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर दंतवैद्यांना सांगा. स्वतःहून बंद करू नका.

दातांतल्या फटींसाठी काडी नको, ती हिरडी खाली ढकलते. इंटरडेंटल ब्रश घ्या, फटीत किंचित अडत जाईल एवढ्या जाडीचा. दाढांना आणि पुढच्या दातांना वेगवेगळ्या जाडीचे लागतील. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे हे उपचार कमी दरात होतात.

प्रश्न : आई वर्षानुवर्षं मशेरी लावते. 'माझ्या हिरड्यांतून कधी थेंबभर रक्त आलं नाही,' असं म्हणते. खरंच चांगल्या आहेत?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रक्त न येण्याचं कारण मशेरीच आहे. ती भाजलेल्या तंबाखूची पूड. त्यातल्या निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे लाली आणि रक्त या इशाऱ्याच्या खुणा दबतात. आत हाड झिजतच असतं. म्हणून रक्ताऐवजी दुसऱ्या गोष्टी बघा : दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का, दातांत फटी पडल्यात का, मुळं उघडी पडून घासली गेलीत का, तोंडाला वास येतो का. पॉकेट तर मोजून घ्याच. गालाच्या किंवा ओठाच्या आत पुसूनही न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, तर उशीर करू नका. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो.

मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही आयांची नेहमीची तक्रार. ती खोटी नाही, निकोटिनने आतडी हलतात. त्यामुळे मशेरी सोडताना सकाळी उठल्यावर कोमट पाणी आणि जेवणात भाज्या-फळं वाढवा. पहिले काही दिवस त्रास होईल. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

प्रश्न : क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश तीन महिने वापरतो आहे. दात तपकिरी झाले.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बंद करा. तो सफाईनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांपुरता असतो : ०.२ टक्क्यांचा, १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, एक मिनिट खुळखुळवून थुंकायचा. पेस्टनंतर लगेच घेतला तर पेस्टमधल्या फेसाने त्याचा प्रभाव कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. चहाने डाग आणखी गडद होतात. डाग वरवरचे आहेत, दंतवैद्यांकडे पॉलिश केल्यावर निघतील. त्याच वेळी हिरड्याही तपासून घ्या, कारण तीन महिने माउथवॉश लागला, म्हणजे कीटण खाली तसंच असण्याची शक्यता आहे.