शुक्रवार गेला कुठे?

"ताई, एवढंच सांगा, ही डिग्री खरी असते ना?"

इंग्लंडमधले मराठी आईवडील डिग्री ॲप्रेंटिसशिपबद्दल मला सगळ्यात आधी हेच विचारतात. मुलीला ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीला, उत्तम मार्क असतात, युनिव्हर्सिटीत जागाही मिळालेली असते, आणि एक दिवस ती जेवताना सांगते की मी मोठ्या कंपनीत नोकरी करतच डिग्री घेणार. मग घरात दोन दिवस कुणी नीट बोलत नाही.

डिग्री खरी असते. ती कंपनी देत नाही, विद्यापीठ देतं. २०१५ पासून ही सोय इंग्लंडमध्ये आहे. ॲस्टन, मँचेस्टर मेट्रोपॉलिटन, एक्सेटर अशी विद्यापीठं 'डिजिटल अँड टेक्नॉलॉजी सोल्यूशन्स' या विषयात याच मार्गाने बीएस्सी ऑनर्स देतात. फी मुलाने भरायची नसते. वर्षाला तीस लाख पौंडांहून जास्त पगार वाटणाऱ्या कंपन्यांना २०१७ पासून त्यावरच्या रकमेवर ०.५ टक्के लेव्ही, म्हणजे एक प्रकारचा कर, भरावी लागते, त्यातून शिक्षणाचा खर्च निघतो. शिवाय पहिल्या दिवसापासून पगार. हे सगळं मी पाच मिनिटांत सांगते, पण माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली मुलं या प्रश्नापाशी अडलेली नव्हती. ती कुठे अडतात, ते सईमुळे मला नीट कळलं. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत. लिहायला तिची परवानगी आहे.)

सई सप्टेंबर २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागात लागली. राहायची घरीच, आईबाबांजवळ. आठवड्याचे चार दिवस काम आणि शुक्रवार अभ्यासाचा. मार्चमध्ये आई तिला माझ्याकडे घेऊन आली. आईला मी बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं आणि सई रडायलाच लागली.

"काकू, मी ना धड स्टुडंट आहे ना धड एम्प्लॉयी. मैत्रिणी मँचेस्टरला हॉस्टेलवर आहेत, रात्री दोनला फोटो टाकतात. ऑफिसात सगळे माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठे. मला सोडायचंय. पण बाबा म्हणतील, सांगितलं होतं ना."

मी ते एकटेपण म्हणून ऐकलं, आणि ते होतंही. अठराव्या वर्षी बरोबरीचं कुणी जवळ नसणं ही लहान गोष्ट नाही. पगार मिळतो म्हणून ती भरून निघत नाही. पण ती पुन:पुन्हा म्हणत होती, "शनिवार-रविवार असाइनमेंटमध्येच जातात." ते मला खटकलं. शुक्रवार अभ्यासाला असताना शनिवार कशाला लागतो? मी विचारलं, "गेला शुक्रवार मला तासातासाने सांग." तिला सांगता येईना. मग मी तिला सहा आठवडे फक्त शुक्रवारच्या नोंदी ठेवायला सांगितलं. सोडायचा निर्णय तोवर बाजूला.

सहा आठवड्यांनी वही आली. सहापैकी एकच शुक्रवार पूर्ण अभ्यासाचा निघाला. तीन पार गेले होते: "अर्ध्या तासाची" मीटिंग, मग तिच्यातून निघालेलं काम, मग कुणाचा तरी बग. उरलेले दोन अर्धे. त्या दोन पानांवर कंपनीचं नावच नव्हतं. तिथे लिहिलं होतं: भावाला शाळेतून आणलं. आईचं पार्सल. आजोबांचा व्हिडिओ कॉल, सव्वा तास. बॉयलरवाला आला होता.

घरी बसलेली मुलगी मोकळीच आहे असं घराला वाटतं. आईला ती पानं सईनेच दाखवली. आईने दोनदा वाचली आणि वही हळूच मिटून ठेवली.

आता कंपनीचं. ॲप्रेंटिसचं शिक्षण पगाराच्या वेळेतच व्हायला हवं असा नियम आहे. सई लागली तेव्हा ते आठवड्याला सरासरी किमान ६ तास होतं. ही कुणाची मेहेरबानी नव्हे. सईला नियम माहीत होता, पण तो आपल्याला तोंडाने म्हणायचा असतो हे माहीत नव्हतं. साधारण दर बारा आठवड्यांनी विद्यापीठाचा माणूस, मॅनेजर आणि ती अशी तिघांची बैठक व्हायची. दोन्ही बैठकांत तिने "सगळं छान चाललंय" असं सांगितलं होतं.

"मॅनेजर समोर बसलेला असतो. चांगला माणूस आहे. त्याच्या तोंडावर त्याची तक्रार कशी करू?"

मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे आपण मुलांना इतकं पक्कं शिकवतो की हक्काची गोष्ट मागणंसुद्धा त्यांना उद्धटपणा वाटतो. मी स्वतः तशाच घरात वाढले, म्हणून हे मनापासून लिहिते आहे. आम्ही तक्रार हा शब्दच काढून टाकला आणि एक वाक्य घोटलं: "गेल्या सहा शुक्रवारांपैकी मला एक पूर्ण मिळाला, पुढचे बारा कसे वाचवायचे?" वही समोर ठेवायची आणि मग गप्प बसायचं. गप्प बसण्याचा सराव तिला जास्त जड गेला.

बैठकीत मॅनेजर ओशाळला. तिच्या कॅलेंडरवर शुक्रवार मोकळा दिसायचा, त्यामुळे दुसऱ्या टीमचे लोक त्यात मीटिंग टाकायचे. त्याने तो दिवस बंद करून घेतला. दोन महिन्यांनी पुन्हा घसरलंच, पण तेव्हा तिने स्वतः ईमेल केला, मला नंतर कळलं.

बाबांशी मी वेगळी बोलले. ते पुण्याहून आलेले इंजिनिअर. तेव्हाच्या दराने वर्षाला ९,२५० पौंड म्हणजे तीन वर्षांची २७,७५० पौंड फी वाचली, हा हिशेब त्यांना माझ्याआधी पाठ होता. त्यांना टोचत होता तो शब्द. "ॲप्रेंटिस म्हणजे आमच्याकडे आयटीआयची मुलं हो. माझे वडील होते, पिंपरीच्या कारखान्यात. त्यांनी मला त्यातून बाहेर काढायला जन्म घालवला." यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी म्हटलं, त्यांनाच विचारा ना.

विचारलं. आजोबा सईला म्हणाले, "पहिले सहा महिने मी फक्त कानस मारत होतो, बाळ. लोखंडाचा एक ठोकळा, तो काटकोनात आणायचा. रोज वाटायचं, पळून जावं." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. पण बाबा त्या दिवसानंतर ऑफिसातल्या मित्रांना ॲप्रेंटिस हा शब्द उच्चारून सांगायला लागले, असं आई म्हणाली.

प्रत्येकाने टिकून राहावं असं माझं म्हणणं नाही. माझ्याकडचा एक मुलगा पहिलं वर्ष संपवून बाहेर पडला आणि पूर्णवेळ विद्यापीठात गेला. त्याला प्रोग्रॅमिंगच नको होतं. वहीत त्याचे शुक्रवार पूर्ण होते, तरी तो सुकत चालला होता. त्याचा निर्णय बरोबर होता. शिक्षणाचा खर्च अर्ध्यात सोडणाऱ्या ॲप्रेंटिसकडून वसूल करायचा नाही, असा नियम आहे. त्याच्या आईवडिलांना हे कळेपर्यंत ते बिल येण्याच्या भीतीने झोपले नव्हते.

म्हणून आता कुणी डिग्री खरी का विचारलं, की मी हो म्हणते आणि त्यांना त्याच कंपनीतल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठायला सांगते. त्याला पगार विचारू नका. गेले चार अभ्यासाचे दिवस कुठे गेले, ते विचारा.

सई तिसऱ्या वर्षाला आली. एकटेपण पूर्ण गेलेलं नाही. मँचेस्टरहून परतताना ट्रेनमध्ये अजून रडू येतं, म्हणते. पण शनिवार मोकळे झाल्यामुळे ती मँचेस्टरला जाते तरी. भावाला शाळेतून शेजारची मावशी आणते. आजोबांचा व्हिडिओ कॉल शनिवारी सकाळी येतो, आणि सव्वा तासच चालतो.